सायकसच्या पाटीवरचं नाव

प्रति,
राज्यातल्या महाविद्यालयांचे वनस्पतिशास्त्र विभाग, नगरपालिका-महानगरपालिकांच्या उद्यानांचे अधीक्षक आणि रोपवाटिकांचे मालक यांस

विषय : 'सायकस सर्सिनॅलिस' अशी पाटी असलेल्या झाडांची ओळख पुन्हा तपासण्याबाबत

सप्रेम नमस्कार, वि. वि.

कोकणातल्या एका महाविद्यालयात मी ३२ वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. आमच्या प्रयोगशाळेच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीला लागून, सायकसचं, म्हणजे बागांतून लावतात त्या ताडासारख्या दिसणाऱ्या झाडाचं, एक मादी झाड होतं. दीड पुरुष उंच, खोडावर गळून गेलेल्या पानांच्या खुणांचं चिलखत, आणि बुंध्याशी पत्र्याची पाटी. निळ्या पाटीवर पांढऱ्या रंगानं लिहिलेलं : सायकस सर्सिनॅलिस, कुळ सायकॅडेसी. दर वर्षी प्रॅक्टिकलच्या आठवड्यात शिपाईमामा त्याच झाडाची पर्णिका तोडून आणायचे, बुंध्याजवळची माती उकरून पोवळ्यासारखी मुळं काढायचे. मुलं ब्लेडनं त्यांचे छेद घ्यायची. सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या-हिरव्या शैवालाचं कडं दिसलं की खुशीत आकृती काढायची आणि खाली नाव लिहायची, सायकस सर्सिनॅलिस. मी लाल शाईनं बरोबरची खूण करायचो.

हे नाव तुम्हाला कसं कळलं, असं एकाही मुलानं मला विचारलं नाही. मीही माझ्या आधीच्या सरांना विचारलं नव्हतं. त्यांना ते बहुधा पुस्तकातून मिळालं असावं. पुस्तकात चार-पाच नावं असायची : बुटकं, ताठ पानांचं असेल तर रिव्होल्युटा, ईशान्येकडचं असेल तर पेक्टिनाटा, आणि उंच, लांब मऊसर पानांचं कुठलंही असेल तर सर्सिनॅलिस. आमचं झाड उंच होतं. झालं बारसं.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी एका माजी विद्यार्थिनीबरोबर मी तिथे गेलो, तेव्हा झाडावर बिया पिकल्या होत्या. केशरी, लहान कोंबडीच्या अंड्याएवढ्या. आम्ही नऊ बिया गोळा केल्या, घरी आणून वरचा गर सोलला आणि बादलीभर पाण्यात टाकल्या. सात तरंगल्या. दोन तळाशी गेल्या.

मला घाम फुटला, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल. पण खुर्ची ओढून मी त्या बादलीपाशी बराच वेळ बसलो हे खरं. कारण सायकस सर्सिनॅलिसचं चांगलं भरलेलं बी पाण्यात बुडतं. तरंगतात त्या सायकस रम्फी आणि तिच्या नात्यातल्या जातींच्या बिया. या जाती आग्नेय आशिया आणि प्रशांत महासागराच्या किनाऱ्यांवरच्या. त्यांच्या बियांच्या कठीण कवचाच्या आतल्या अंगाला बुचासारखा सच्छिद्र थर असतो. त्या जोरावर बी समुद्रात तरंगत दुसऱ्या बेटाला लागतं. पोचट बी कुठल्याही जातीचं तरंगू शकतं, म्हणून नुसत्या बादलीवर विश्वास ठेवायचा नाही. आम्ही तरंगणाऱ्यातलं एक बी लोखंड कापायच्या करवतीनं उभं चिरलं. आत पांढरा गर भरलेला, आणि कवचाच्या आतून फिकट तपकिरी, नखानं दाबला तर दबणारा थर. माझ्या ३२ वर्षांच्या बरोबरच्या खुणा त्या थरात रुतल्या.

मग मेगास्पोरोफिल पाहिली, म्हणजे मादी झाडाच्या बिया जिच्या कडांना धरतात ती पानासारखी रचना. सर्सिनॅलिसमध्ये तिच्या टोकाकडच्या पसरट भागाला दोन्ही कडांनी करवतीसारखे ठळक दाते असतात आणि शेंड्याला अणकुचीदार काटा. आमच्या झाडाच्या मेगास्पोरोफिलच्या कडा जवळजवळ सपाट होत्या, दाते नावापुरते. ती नेमकी रम्फी आहे की तिची एखादी चुलत बहीण, हे मी आजही छातीठोक सांगणार नाही. ती सर्सिनॅलिस नाही, एवढं नक्की.

यात एवढं पत्र लिहिण्यासारखं काय आहे, असं आपल्याला वाटेल. म्हणून जरा मागे जातो.

सर्सिनॅलिस हे नाव लिनियसनं १७५३ साली दिलं. ताडामाडांच्या पंगतीत बसवून दिलं, कारण झाड दिसतं तसं. (आजही नर्सरीत त्याला 'सायकस पाम' म्हणतात. ताडाशी त्याचं काही नातं नाही, आणि आपल्या उपासाच्या साबुदाण्याशी तर त्याहून नाही.) लिनियसनं मलबारात येऊन झाड पाहिलं नव्हतं. त्याच्यापुढे होतं 'होर्तुस मलबारिकुस', डच गव्हर्नर हेन्ड्रिक व्हॅन रीड यानं कोचीला बसून तयार करवलेला बारा खंडांचा ग्रंथ, १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला छापलेला. त्याच्या तिसऱ्या खंडात 'तोड्डा पन्ना' या मलबारी नावानं या झाडाची चित्रं आहेत. त्या ग्रंथाला माहिती पुरवणाऱ्यांत इट्टी अच्युदन हे मलबारी वैद्य होते आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पूभट हे तीन कोंकणी वैद्यही होते, गोव्याकडून कोचीला जाऊन राहिलेल्या समाजातले. त्या तिघांचा १६७५ सालचा दाखला पहिल्या खंडात नागरी लिपीत, कोंकणीत छापला आहे. आपल्या लिपीतला इतका जुना छापील मजकूर एका वनस्पतींच्या ग्रंथात सापडावा, याचं मला अजून अप्रूप आहे. विषयांतर झालं, पण अगदीच नाही.

वनस्पतींच्या नामकरणाचा नियम असा की नाव एका मूळ नमुन्याला बांधलेलं असतं. तो नमुना ज्या जातीचा, नाव त्या जातीचं, मग ते नाव पुढे कुणी कशालाही लावो. सर्सिनॅलिसच्या बाबतीत सुकवलेला नमुना नाही. रीडच्या ग्रंथातली चित्रं हाच नमुना. म्हणजे सर्सिनॅलिस हे नाव मलबारच्या, पश्चिम घाटाच्या झाडाचं. कायमचं.

हे कागदावर. प्रत्यक्षात पुढची दोनशे वर्षं पूर्व आफ्रिकेपासून प्रशांत महासागरापर्यंत जे लांब पानांचं सायकस दिसेल त्याला सर्सिनॅलिस म्हणण्याची प्रथा पडली. १९३२ साली शुस्टर या जर्मन अभ्यासकानं तर आफ्रिका आणि फिलिपिन्सची झाडंही तिच्या उपजाती म्हणून एकाच गोणीत भरली. ती गोणी सोडवायचं बरंचसं काम सिडनीच्या केन हिल यांनी केलं. १९९४ साली त्यांनी रम्फी गटाचा अभ्यास छापला आणि पश्चिम प्रशांत महासागरातल्या ग्वाम, रोटा, याप, पलाऊ या बेटांवरच्या झाडाला स्वतंत्र नाव दिलं, सायकस मायक्रोनेशिका.

ग्वामची हकीकत मी वर्गात कधी सांगितली नाही, कारण मला ती ठाऊक नव्हती. आता सांगतो. तिथले चामोरो लोक सायकसच्या बियांचं पीठ करून खात, त्याला ते फादांग म्हणतात. बिया विषारी, म्हणून काप करून दिवसचे दिवस पाण्यात भिजवायच्या, पाणी बदलत राहायचं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी डॉक्टरांच्या लक्षात आलं की या बेटावर स्नायू झिजवणारा, हातपाय थरथरवणारा, स्मृती घालवणारा एक मज्जाविकार इतर जगाच्या कितीतरी पट आहे. स्थानिक नाव लितिको-बोदिग. संशय सायकसच्या पिठावर गेला. १९६७ साली सायकसच्या बियांतून बीएमएए हे अमिनो आम्ल वेगळं काढल्याचं जाहीर झालं, तेव्हा शोधनिबंधाच्या शीर्षकातच झाडाचं नाव होतं, सायकस सर्सिनॅलिस. १९८७ साली हेच आम्ल देऊन माकडांवर केलेले प्रयोग गाजले. रोगाच्या कारणाबद्दलचा वाद अजून मिटलेला नाही.

आता गंमत बघा, गंमत कसली म्हणा. ग्वामवर सर्सिनॅलिस रानात उगवतच नाही. दुसऱ्याच्या कर्जाचा बोजा आपल्या सातबाऱ्यावर चढावा, तसा तीस-चाळीस वर्षांचा सगळा वैद्यकीय मजकूर मलबारच्या झाडाच्या नावावर चढला. केरळात याच सर्सिनॅलिसच्या बिया, तिथलं नाव ईन्तु, वाळवून, धुऊन, दळून आजही खाल्ल्या जातात. कुणी उद्या त्या पिठाबद्दल माहिती शोधायला बसला तर त्याच्या हाती ग्वामचं दफ्तर लागणार. मलबारचं बी निर्धोक आहे असं माझं अजिबात म्हणणं नाही. सायकॅसिन हे विष या सगळ्याच मंडळींत असतं, आणि कच्चं बी कुणीही तोंडात घालू नये. पण कुठल्या झाडात काय, किती, हे मोजायचं तर आधी झाड कुठलं ते लिहायला हवं.

आणि नाव वेगळं झालं म्हणून ग्वामच्या झाडाचा काय फायदा झाला, तेही पाहा. २००३ च्या सुमाराला त्या बेटावर एक आशियाई खवलेकीड पोचली. पानं पांढऱ्या भुकटीनं माखल्यासारखी दिसायची आणि झाड वाळायचं. जंगलात सर्वांत जास्त दिसणारं झाड बघता बघता उजाड झालं. २००६ साली आययूसीएननं, म्हणजे निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं, मायक्रोनेशिकाला संकटग्रस्त ठरवलं, २०१५ साली अमेरिकेच्या कायद्यानं तिला संरक्षण दिलं. तिच्यावर जुनीच पाटी असती तर? आफ्रिकेपासून फिजीपर्यंत पसरलेली, बागाबागांतून लावलेली 'जात' म्हणून कुणी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं.

आपल्या घरी परत येतो. खरी सर्सिनॅलिस ही पश्चिम घाटाची प्रदेशनिष्ठ जात. केरळ, कर्नाटक, तमिळनाडू यांच्याबरोबर दक्षिण महाराष्ट्राचंही नाव तिच्या आढळात लिहिलं जातं. तिच्याही नावापुढे आययूसीएनच्या यादीत संकटग्रस्त असंच लिहिलेलं आहे. मांडवाच्या सजावटीसाठी पानं, औषधासाठी खोडाचा गाभा आणि साल, खाण्यासाठी बिया, आणि वर जंगलतोड. वाढ इतकी सावकाश की एकदा गाभ्यासाठी कापलेलं झाड कापणाऱ्याच्या हयातीत भरून येत नाही. पण हे संकट आपल्याकडे कुणाला जाणवत नाही, कारण आपल्या मते सर्सिनॅलिस बंगल्यांच्या आवारात, बँकांच्या दारात, कॉलेजांच्या टाकीपाशी हवी तेवढी आहे!

दुसऱ्या बाजूनं, सर्सिनॅलिसच्या जुन्या गोणीतून भारतातल्याच काही वेगळ्या जाती बाहेर आल्या आहेत. ओडिशाच्या झाडाला हेन्स यांनी १९२४ साली सर्सिनॅलिसचा प्रकार म्हटलं होतं, आता तिला ओरिक्सेन्सिस ही स्वतंत्र जात मानतात. केरळात पालक्काडजवळच्या अनैकल डोंगरातली अनैकलेन्सिस २००६ साली वेगळी नोंदवली गेली. तिची झाडं इतकी थोडी आहेत की ती अतिसंकटग्रस्त गणली जाते. २००६ च्या आधी तिथून जाणाऱ्या कुठल्याही वनस्पतिशास्त्रज्ञानं वहीत काय लिहिलं असेल, ते मी सांगायला नको.

कायद्याचंही तसंच. १९९१ च्या दुरुस्तीनं वन्यजीव संरक्षण कायद्यात वनस्पतींचं प्रकरण आलं, तेव्हा अनुसूचीत मोजून सहा नोंदी होत्या. त्यांतली एक आंध्रातल्या तिरुमला-कडप्पाच्या डोंगरांतली सायकस बेडोमी. बाकीच्या पाचांत घटपर्णी, कुठ आणि ऑर्किडं. दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स करारातही सगळं सायकॅडेसी कुळ दुसऱ्या परिशिष्टात आहे आणि बेडोमी तेवढी पहिल्या, कडक परिशिष्टात. १८८३ साली डायर यांनी तिला स्वतंत्र नाव दिलं नसतं तर अनुसूचीत लिहिणार काय होते? कायदा झाड ओळखत नाही, नाव ओळखतो. वनरक्षकानं टेम्पो अडवला तर त्याला पंचनाम्यात एक नाव लिहावं लागतं, आणि ते नाव तो आपल्याच पुस्तकांतून, आपल्याच पाट्यांवरून शिकलेला असतो.

एक आक्षेप मला ठाऊक आहे, कारण स्टाफरूममध्ये तो मीच घेत असे. हे वर्गीकरणवाले दर दहा वर्षांनी नावं बदलतात, आज फोडतात, उद्या जोडतात, आपण कशाला त्यांच्या मागे धावायचं? यात तथ्य आहे. गेल्या वीस वर्षांत भारतातून वर्णन झालेल्या सायकसच्या सगळ्याच जाती टिकतील असं मला वाटत नाही. पानाची लांबी आणि दात्यांची संख्या यांवर उभ्या केलेल्या काही जाती डीएनएच्या अभ्यासात पुन्हा एकमेकींत मिसळतील. सायकसला आपण 'जिवंत जीवाश्म' म्हणून मोकळे होतो, पण २०११ सालच्या एका मोठ्या अभ्यासातून दिसलं की आजच्या जाती गेल्या सव्वा कोट वर्षांच्या आतबाहेरच फुटलेल्या आहेत. घराणं डायनासोरच्या वेळचं, मंडळी मात्र तरुण. अशा तरुण जातींच्या सीमारेषा धूसर असणारच. पण रम्फीचं बी तरंगतं आणि सर्सिनॅलिसचं बुडतं, हा काही कालचा फॅशनेबल वाद नाही. आमच्या पाटीची चूक सीमारेषेवरची नव्हती. सरळ दुसऱ्या समुद्राची होती.

आणि चुकीच्या पाटीला पिल्लं होतात. सायकसच्या जाती बागेत शेजारी शेजारी लावल्या तर त्यांचा संकर सहज होतो. सर्सिनॅलिसची मादी आणि शेजारी रम्फीचा नर, की बियांतून जे उगवेल ते दोघांपैकी कुणीच नसेल. रोपवाटिकेत त्याच्या पिशवीवर मात्र 'सर्सिनॅलिस' हेच लिहिलं जाईल. मग कुणी तरी सद्हेतूनं, 'स्थानिक झाडं लावा' मोहिमेत, ते रोप देवराईच्या कडेला नेऊन लावील. हे सुधारायला नंतर कुणाच्या बापाला जमणार नाही.

म्हणून माझं मागणं. आपल्या आवारातल्या सायकसच्या पाटीवर सर्सिनॅलिस असेल तर एकदा खात्री करा. झाड मादी असेल तर बी आणि मेगास्पोरोफिल पाहा. नर असेल तर शंकू येईपर्यंत थांबा, पण तोवर पाटीवर 'सायकस, जात अनिश्चित' असं लिहा. यात कमीपणा नाही. हावड्याच्या आचार्य जगदीशचंद्र बोस वनस्पती उद्यानात ओळख न पटलेलं एक सायकसचं झाड उभं होतं. त्याचा अभ्यास झाला तेव्हा ती नवीच जात निघाली, २०१५ साली सायकस पीएसचन्नी या नावानं तिचं वर्णन छापलं गेलं, आणि तिची झाडं अंदमानात असल्याचं कळलं. त्या झाडाला कुणी उत्साही माळ्यानं आधीच निळी पाटी ठोकली असती, तर कुणी त्याच्याकडे दुसऱ्यांदा पाहिलं असतं का? मी असतो तर नसतं पाहिलं. माझा पुरावा टाकीपाशी उभा आहे.

विभागप्रमुखांना आणखी एक सांगणं. झाड कुठून आलं, ते नोंदवहीत लिहा. आमच्या झाडाबद्दल कार्यालयात एक चिठोरंही निघालं नाही. जुन्या शिपाईमामांच्या आठवणीत ते 'मुंबईहून ट्रकनं आलं' एवढंच. हर्बेरियमच्या, म्हणजे सुकवलेल्या नमुन्यांच्या संग्रहातल्या, शीटवर नुसती पर्णिका चिकटवू नका. सायकसची पर्णिका एकटी फार कमी बोलते. मेगास्पोरोफिल ठेवा, उभं चिरलेलं बी ठेवा. सिंधुदुर्ग आणि कोल्हापूरकडच्या विभागांनी तर दक्षिण महाराष्ट्रातल्या जुन्या नोंदी काढून त्या जागी प्रत्यक्ष जावं. तिथे रानात उगवलेलं झाड आहे की कुणाच्या परसातून सुटलेलं, हे मुलांना घेऊन दोन सुट्ट्यांत कळण्यासारखं काम आहे. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम मंडळ आहेच. नमुना नीट असेल तर ओळख पटवून घेता येते.

रोपवाटिकावाल्यांना एवढंच, की जंगलातून खणून आणलेलं सायकस घेऊ नका, आणि बियांचं मूळ ठाऊक नसेल तर पिशवीवर जातीचं नाव घालू नका. गिऱ्हाईक पानं बघून घेतं, नाव बघून नव्हे. तुमचा एकही रुपया बुडणार नाही.

आमच्या महाविद्यालयाला मी पत्र दिलं आहे. पाटी अजून तीच आहे. रंगाचा डबा मी स्वतः घेऊन जाईन असंही कळवलं आहे.

आपला,
एक निवृत्त वनस्पतिशास्त्र शिक्षक

ता. क. : बादलीचा प्रयोग करणार असाल तर बियांचा गर सोलताना हातमोजे घाला, नंतर हात साबणानं धुवा, आणि साली उघड्यावर टाकू नका. कुत्री त्या बिया चघळतात आणि यकृत निकामी होऊन मरतात. आमच्या गल्लीतल्या एका पिल्लानं अंगणातून एक बी पळवलं होतं. माझ्या विद्यार्थिनीनं चप्पल सोडून त्याच्या मागे धावत जाऊन ते तोंडातून काढलं. नऊ बिया होत्या असं मी वर लिहिलं ते त्या बीसकट. बुडालेल्या दोनांपैकी एक तेच होतं. दातांच्या खुणांमधून आत पाणी शिरलं असावं.